पट्टा ढिला, अंतर पुरेसं

दिवाळी झाली की नागपुरातल्या मैदानांवर पहाटे दव पडायला लागतं आणि श्वानप्रशिक्षणाचे वर्ग पुन्हा भरू लागतात. फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ हाच इथला शिकवण्याचा खरा हंगाम. या वेळी क्लबमधल्या कामाविषयी आलेल्या पत्रांना आमच्या प्रशिक्षकांनी दिलेली उत्तरं देत आहोत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमचा दीड वर्षाचा लॅब्राडोर घरी सगळं ऐकतो. क्लबच्या मैदानावर नेला की मात्र इतर कुत्र्यांवर भुंकतो, पट्टा ओढून ओढून हात दुखवतो. सगळे आमच्याकडेच बघत राहतात. घरीच शिकवलेलं बरं नाही का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : आधी मनातून एक काढून टाका, की तुमचा कुत्रा क्लबच्या लायकीचा नाही. क्लब असतो तो अशाच कुत्र्यांसाठी. दिवाणखान्यात 'बस' शिकलेला कुत्रा फक्त दिवाणखान्यातलं बसणं शिकलेला असतो. जागा बदलली, वास बदलले, समोर आठ अनोळखी कुत्री आली, की तोच धडा त्याला पहिल्यापासून गिरवावा लागतो. मोठ्या माणसांना हे चटकन पटत नाही आणि ती चिडतात.

आता तो का भुंकतो ते बघा. अंग सैल, शेपटी घुसळल्यासारखी हलते, मधूनमधून कुईकुई करतो आणि पुढे झेपावतो, तर त्याला दुसऱ्याला भेटायची घाई झाली आहे. अंगाचा भार मागच्या पायांवर, मानेवरचे केस उभे, तोंड घट्ट मिटलेलं, सारखी जीभ ओठांवर फिरते, तर तो घाबरला आहे. लॅब्राडोरमध्ये पहिला प्रकार जास्त दिसतो. दोन्हींत पहिला उपाय मात्र एकच : अंतर.

वर्ग सुरू असताना फाटकाबाहेर उभे राहा आणि हळूहळू आत या. कुत्र्याला इतर कुत्री दिसताहेत, कान उभे झालेत, पण नाव घेतलं की तो वळून बघतो आणि हातातला खाऊ घेतो, ती तुमची जागा. कुणासाठी ती १० मीटरवर असते, कुणासाठी ४० मीटरवर. तिथे एखादी चप्पल किंवा दगड ठेवून खूण करा. मग काम सोपं आहे. त्याने दुसऱ्या कुत्र्याकडे पाहिलं की लगेच, एका सेकंदाच्या आत, 'हो' म्हणा आणि खाऊ द्या. पुन्हा पाहिलं, पुन्हा 'हो', पुन्हा खाऊ. काही वेळाने तो कुत्र्याकडे बघून आपणहूनच तुमच्याकडे मान वळवील. ती वळलेली मान हे त्या दिवसाचं यश. दहा मिनिटं झाली की घरी जा, वर्ग संपायची वाट बघू नका. पुढच्या वेळी दोन मीटर जवळ या, तेही मागचा पूर्ण वेळ तो सैल राहिला असेल तरच.

बिघडतं ते चार ठिकाणी. समोरून कुत्रा आला की मालक पट्टा हाताला गुंडाळतो. पट्टा ताणला की कुत्र्याला कळतं, काहीतरी गडबड आहे. पट्ट्याची खाली झोळ दिसली पाहिजे. दुसरं, सगळे येतात त्याच वेळी फाटकातून आत शिरणं. प्रशिक्षकांना सांगून पंधरा मिनिटं आधी या आणि कोपरा धरा, किंवा गाडीच्या आडोशाने उभे राहा. तिसरं, 'भेटू द्या हो, माझा काही करत नाही' म्हणून पट्ट्यावरच नाकाला नाक लावणं. मैदानावर हे होऊ देऊ नका, स्पष्ट नाही म्हणा. चौथं, भुंकून झाल्यावर खाऊ पुढे करणं. भुंकणं सुरू झालं तर ओरडू नका, खाऊही दाखवू नका, वळून चालायला लागा. तुम्ही फार जवळ आला होतात, एवढंच त्याचं कारण.

खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा. दहा मिनिटांत असे ४०-५० तुकडे सहज लागतात, म्हणून त्या दिवशीच्या जेवणातून तेवढं कमी करा. खाऊचा वाटा दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर उत्तम. गोड बिस्किटं नकोत. चावायला वेळ लागतो, भुगा जमिनीवर सांडतो आणि कुत्रा तो हुंगत बसतो. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि कांदा कुत्र्यासाठी विषारी आहेत.

प्रश्न : क्लबमध्ये चोक चेन आणू नका म्हणतात. मग ओढणाऱ्या कुत्र्याला आवरायचं कसं?
— एक वाचक, लकडगंज

उत्तर : छातीवर इंग्रजी वाय अक्षराचा आकार होणारा हार्नेस आणि दीड ते पावणेदोन मीटरचा साधा कापडी पट्टा. हार्नेस काखेत रुततो का ते बघा, पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. चोक चेन श्वासनळीवर दाब देते. शिवाय कुत्र्याचा गळा आवळला जातो तो नेमका दुसरा कुत्रा दिसला की, आणि तो त्रासाचं खापर समोरच्या कुत्र्यावर फोडतो. बटण दाबून लांब होणारा दोरीचा पट्टाही नको. तो सतत ताणलेला असतो, म्हणजे ओढलं की पुढे जाता येतं हेच शिकवतो. 'ये' शिकवायला १० मीटरची लांब दोरी वेगळी ठेवा आणि ती हार्नेसलाच अडकवा, गळ्याला कधीच नाही.

प्रश्न : पिल्लू दोन महिन्यांचं आहे. किती महिन्यांचं झाल्यावर क्लबमध्ये आणावं?
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : इथे दोन गोष्टींची ओढाताण असते. पिल्लाला जग सगळ्यात सोपेपणाने पटतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. लसी मात्र सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात येते. पूर्ण लसीकरणाआधी मैदानात नेलं तर पार्व्होचा धोका. हा विषाणू मातीत काही महिने, कधी वर्षभरसुद्धा टिकतो आणि मातीच्या मैदानावर ब्लीच टाकून फारसा उपयोग होत नाही.

म्हणून मधला मार्ग काढा. पहिली लस झाल्यावर आठवडाभराने पिल्लाला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला बसा. जमिनीवर ठेवू नका. शिट्टी, छत्री, सायकल, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत जाणारे आजोबा, प्रत्येक नव्या गोष्टीला एक खाऊ. पिल्लांचा वर्ग क्लबने धुता येईल अशा फरशीवर घ्यावा आणि त्यात लसीकरणाचं कार्ड पाहूनच प्रवेश द्यावा. हगवण किंवा उलटी झालेलं पिल्लू, कितीही खेळकर वाटलं तरी, त्या दिवशी घरी.

प्रश्न : मार्चनंतर आमचा क्लब जवळजवळ बंद पडतो. उन्हाळ्यात काय करता येईल? ऊन लागल्याचं ओळखायचं कसं?
— क्लबचे सभासद, काटोल रोड

उत्तर : पारा ४५ पर्यंत जाणाऱ्या शहरात उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळंच लागतं. मार्चअखेर ते पहिला चांगला पाऊस या काळात मैदानावरचा वर्ग पहाटे साडेपाचला सुरू करा आणि साडेसहाला संपवा. सातनंतर एकही कुत्रा उन्हात नको. संध्याकाळचा मोह टाळा. दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहतं. हाताची पालथी बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर पंजांनाही सोसणार नाही.

कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर. म्हणून पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना उन्हाळ्यात मैदानावर आणूच नका. जुलैतल्या दमट दिवसांतही त्यांना जपा, कारण हवेतच ओल असली की धापा टाकून अंग गार होत नाही. याच कारणाने खोलीतला कूलर मे महिन्यात उपयोगी पडतो आणि पावसाळ्यात त्रासाचा ठरतो. हस्की, जर्मन शेफर्ड यांचे केस वस्तऱ्याने काढू नका. आतली मेलेली लव विंचरून काढा, तेवढं पुरे.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, हिरड्या लालभडक होतात, लाळ चिकट येते, चाल अडखळते किंवा उलटी होते, तर ऊन लागलं आहे असंच समजा. सावलीत न्या आणि नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, पायांवर ओतत राहा, जोडीला पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पसरून ठेवू नका, थोड्याच वेळात तो आतली उष्णता कोंडून धरतो. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. गुदद्वारातून थर्मामीटरने मोजत राहा आणि ३९.५ च्या आसपास आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरतं. वाटेत गाडीचा एसी सुरू ठेवा. कुत्रा उठून उभा राहिला तरी डॉक्टरांकडे न्यायचंच. मूत्रपिंडावरचा आणि रक्त गोठण्यावरचा परिणाम पुढच्या एक-दोन दिवसांत दिसतो. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय आणि जवळचा खासगी दवाखाना, दोन्हींचे क्रमांक आणि वेळा क्लबच्या फलकावर लिहून ठेवा.

आणि क्लब बंद ठेवायची गरज नाही. वास शोधण्याचा खेळ एखाद्या सभागृहात किंवा सभासदाच्या घरी छान रंगतो. लहान पत्र्याच्या डबीच्या झाकणाला खिळ्याने पाच-सहा भोकं पाडा, आत चार लवंगा ठेवा आणि डबी चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे लवंग पोटात जाणार नाही. पहिल्या दिवशी डबी तळहातावर धरा. नाक लागलं की 'हो' आणि खाऊ, असं पंधरा-वीस वेळा. दुसऱ्या दिवशी तीच डबी जमिनीवर. मग तशाच दोन रिकाम्या डब्या शेजारी ठेवा आणि फक्त लवंगवालीला खाऊ द्या. रिकाम्या डब्यांना लवंगेचे हात लागू देऊ नका, बहुतेक घोळ तिथेच होतो. तीन डब्या जमल्या की खोलीत लपवायला सुरुवात करा, आधी नाकाच्या उंचीवर. सात-आठ मिनिटं असं शोधलेला कुत्रा दुपारभर गाढ झोपतो.

प्रश्न : बेसा परिसरात आम्ही दहा-बारा जण मिळून क्लब सुरू करायच्या विचारात आहोत. कशापासून सुरुवात करावी? मैदानाजवळ मोकाट कुत्रीही आहेत.
— एक वाचक, बेसा

उत्तर : जागेपासून. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पायाला गोळे चिकटवते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की कुत्र्याचा पाय आत अडकून मुरगळतो. मुरूम टाकून दाबलेली किंवा गवताची जागा बघा, निदान ३० मीटर बाय २० मीटरची. चारही बाजूंनी कुंपण आणि एकच फाटक. फाटकाच्या आत दोन मीटरवर दुसरं फाटक लावता आलं तर सुटून पळण्याचे प्रसंग जवळजवळ संपतात. मालकाची लेखी परवानगी आधी घ्या.

एका प्रशिक्षकामागे सहा कुत्री, त्याहून जास्त नको. मैदानावर चुन्याने पाच-पाच मीटरवर चौकोन आखा, प्रत्येकाने आपल्या चौकोनात उभं राहायचं. पहिला वर्ग कुत्र्यांशिवाय घ्या. आमचा याबाबत आग्रहच आहे. पट्टा कसा धरायचा, 'हो' कधी म्हणायचं, खाऊ कुठल्या हाताने द्यायचा, हे माणसांनी एकमेकांवर करून बघावं. घरात आई 'बस' म्हणते, मुलगा 'सिट' म्हणतो आणि बाबा नुसता हात दाखवतात, तर तेही याच दिवशी कागदावर लिहून एक करून घ्या. वर्ग ४५ मिनिटांचा ठेवा, त्यात प्रत्यक्ष काम तीन-तीन मिनिटांचं आणि मध्ये विश्रांती. पाण्याचं भांडं ज्याचं त्याने आणायचं. विष्ठा उचलायच्या पिशव्या आणि झाकणाची बादली फाटकाशी ठेवा. क्लबविषयी आजूबाजूच्यांची तक्रार येते ती बहुतेक याच एका कारणाने. माजावर आलेली मादी त्या तीन आठवड्यांत वर्गात नको, पण तिच्या मालकाला एकट्याने येऊन बघू द्या.

फी गोळा करायला लागलात, बँकेत खातं हवं झालं, की नोंदणी करा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही होते. सभासदत्वाच्या अर्जात एक ओळ असू द्या, की कुत्रा दिवसभर साखळीला बांधून ठेवणार नाही. कुत्र्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हा आहे. तसा बांधलेला कुत्रा आठवड्यातून एकदा मैदानावर आणून शिकत नाही, हेही तितकंच खरं.

मोकाट कुत्र्यांना दगड मारून हाकलण्याने ती आणखी आक्रमक होतात आणि तुमची कुत्री ते बघून बिथरतात. त्या गल्लीतल्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण झालं आहे का, ते तिथल्या नगरपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे चौकशी करून पाठपुरावा करा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ती जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. कुणी त्यांना खायला घालत असेल तर त्यांच्याशी नीट बोला. मैदानापासून दूर, ठरलेल्या जागी आणि वर्गाची वेळ टाळून घातलं, तर सकाळी फाटकाशी घोळका जमत नाही.

कुणाला चावा बसलाच, तर तो लस दिलेल्या पाळीव कुत्र्याचा असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी मेयो, मेडिकल किंवा जवळच्या रुग्णालयात जा. दंडात लस असेल तर ती ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण लस सुरू करायला तेवढं थांबू नका.

प्रश्न : आमची कुत्री गावठी आहे, सहा वर्षांची, रस्त्यावरून आणलेली. केनेल क्लबचे कागद नाहीत. तिला घेतील का?
— एक वाचक, हुडकेश्वर

उत्तर : घ्यायलाच हवं. कागद लागतात ते वंशाच्या नोंदीसाठी आणि जातीच्या शोसाठी, शिकण्यासाठी नाही. इथल्या हवेला सरावलेली गावठी कुत्री उन्हात इतरांपेक्षा तग धरतात आणि डोक्याने तल्लख असतात. फक्त रस्त्यावर वाढलेल्या कुत्रीला मागून अचानक आलेला हात सहन होत नाही. पहिले तीन-चार वर्ग तिला कुंपणाकडे पाठ करून, मैदानाकडे तोंड करून उभं करा. प्रशिक्षकांनीही तिला हात न लावता, बाजूने येऊन, खाऊ जमिनीवर टाकावा. सहा वर्षं हे काही शिकण्याचं वय उलटून गेल्याचं लक्षण नव्हे.

प्रश्न : अ‍ॅजिलिटीचे, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीचे, अडथळे विकत घेणं परवडत नाही. घरी बनवता येतील का?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : उडीचा अडथळा सहज बनतो. एक इंची पीव्हीसी पाइप साडेचार मीटर, दोन टी (इंग्रजी टी आकाराचे जोड) आणि सहा टोप्या आणा. पाइपचे एक मीटरचे दोन खांब, ३० सेंटीमीटरचे चार पाय आणि १२० सेंटीमीटरची एक आडवी दांडी कापा. प्रत्येक टीच्या सरळ बाजूंना दोन पाय, मधल्या तोंडात खांब. पायांत कोरडी वाळू भरून टोप्या लावा, नाहीतर वाऱ्याने पडतो. दीड इंची पाइपचे उभे चिरलेले अर्धगोल तुकडे कपासारखे खांबाला बसवा आणि दांडी त्यात नुसती टेकवा. दांडी बांधायची नाही, स्क्रूने पक्की करायची नाही. कुत्र्याचा पाय लागला की ती पडलीच पाहिजे, पुढून लागला तरी आणि मागून लागला तरी. दांडी अडकली तर कुत्रा तोंडावर आपटतो आणि त्याला दुखापत होते.

आंतरराष्ट्रीय नियमांत खांद्यापर्यंत ३५ सेंटीमीटरहून कमी उंचीच्या कुत्र्यासाठी दांडी २५ ते ३० सेंटीमीटरवर असते आणि ४८ च्या पुढच्या मोठ्या कुत्र्यासाठी ५५ ते ६० वर. सरावाला एवढी उंची लागत नाही, निम्मी पुरे. दीड वर्षाखालच्या कुत्र्यासाठी दांडी जमिनीवरच ठेवा, कारण हाडांच्या टोकांची वाढ तोवर पूर्ण झालेली नसते. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला उड्याच नकोत, त्याला बोगदा द्या.

नागमोडी चालायचे बारा खांब ६० सेंटीमीटर अंतरावर एका रेषेत असतात. सुरुवात मात्र रेषेतून करू नका. एकआड एक खांब डावीकडे-उजवीकडे सरकवून मध्ये ६० सेंटीमीटरची सरळ वाट करा आणि कुत्र्याला तिच्यातून पळवा. दर आठवड्याला दोन्ही रांगा पाच-पाच सेंटीमीटर आत आणा. खांब जमिनीत रोवायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीत हे काम करा, तेव्हा मातीत जेमतेम ओल असते आणि खांब घट्ट बसतो. पहिला खांब कायम कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यायला हवा. हे सुरुवातीलाच पक्कं झालं नाही तर पुढे सगळी रांग उलटी जाते. एका दिवशी सहा-सात फेऱ्या खूप झाल्या. उडीची दांडी सलग दोनदा पडली तर तिसऱ्यांदा त्याच उंचीवर उडवू नका. ती खाली घ्या, एक सोपी उडी मारू द्या आणि पट्टा लावा.